४८ तासांत कथा लिहायची तर

लेखनस्पर्धा घेणाऱ्या एनवायसी मिडनाइटच्या फ्लॅश फिक्शन, म्हणजे अगदी छोट्या कथांच्या स्पर्धेत ४८ तास मिळतात. शब्दमर्यादा १०००, आणि कथाप्रकार, ठिकाण, वस्तू आयोजकच ठरवून देतात. हे तिन्ही हाती आले की सुचलेली पहिली कल्पना कागदावर उतरवा आणि बाजूला ठेवा. ती बहुतेकांना सुचलेली असते. मी तिसऱ्या-चौथ्या कल्पनेपाशी थांबते.

पात्रं दोन, फार तर तीन. प्रसंग एकच. समजा, भयकथा, लिफ्ट आणि छत्री आलं. छत्री नुसती दिसली तरी नियमाला पुरते, कथेला नाही. लिफ्ट अडकलीय, बाहेर रखरखीत ऊन, आणि शेजारच्या माणसाच्या मिटलेल्या छत्रीतून पाणी ठिबकतंय, थांबतच नाहीये. आता छत्री काढली तर कथाच उरत नाही. वस्तू अशी गुंतायला हवी.

पहिला खर्डा पहिल्याच दिवशी संपवा, १२०० शब्द झाले तरी चालतील. मग झोपा, खरंच झोपा. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचत काटछाट करा. सुरुवातीचा परिच्छेद बहुधा अख्खाच जातो, आणि मला हे काम सगळ्यांत आवडतं. शीर्षक शेवटी. कथा मुदतीच्या दोन तास आधी पाठवा आणि पोच आली का ते बघा.