आउटलुकमध्ये चार कॅलेंडरं एकत्र: पाहायची कशी आणि लिहायचं कुठे

"आउटलुकमध्ये दोन-तीन कॅलेंडरं एकदम कशी दिसतील?" असं ऑफिसात कुणीही विचारलं की शेजारच्या खुर्चीतून ठरलेलं उत्तर येतं: "डावीकडे टिक कर, झालं." टिक केल्यावर कॅलेंडरं दिसतात, त्याबद्दल वाद नाही. "झालं" या शब्दावर मात्र माझा आक्षेप आहे. ते "झालं" ऐकून मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे, ती हकीकत पुढे येईलच.

माझं काम प्रशिक्षण-सत्रांचं वेळापत्रक लावण्याचं. पडद्यावर रोज चार कॅलेंडरं असतात: माझं स्वतःचं, सत्रांचं, हॉलच्या बुकिंगचं आणि घरचं. खाली लिहिलंय ते विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे 'क्लासिक' आउटलुकबद्दल. नव्या आउटलुकचं शेवटाकडे बोलू.

कंट्रोल दाबून 2 दाबा, कॅलेंडर उघडेल. डावीकडच्या यादीत हव्या त्या नावांपुढे टिक करा. सहकाऱ्याचं कॅलेंडर यादीत नसेल तर होम टॅबवर 'ओपन कॅलेंडर' किंवा 'अ‍ॅड कॅलेंडर' असं बटण असतं, त्यातून अ‍ॅड्रेस बुकमधलं नाव निवडा. उघडल्यावर नुसत्या 'बिझी' लिहिलेल्या पट्ट्या दिसल्या तर तुमचं काही चुकलेलं नाही. समोरच्याने तुम्हाला तपशील पाहायची परवानगी दिलेली नाही, एवढंच. ती त्याच्याकडूनच घ्यावी लागते. सेटिंग्ज उलटसुलट करण्यात वेळ घालवू नका.

आता कॅलेंडरं शेजारी-शेजारी उभी राहतील. दोन असतील तर छान दिसतात. तीन झाली आणि आठवड्याचं दृश्य असलं की रकाने इतके चिंचोळे होतात की 'मीटिंग'मधलं 'मी' तेवढं वाचता येतं. अशा वेळी ऑल्ट दाबून 3 दाबा, म्हणजे तीनच दिवस दिसतील. 1 ते 9 पैकी जो आकडा दाबाल तेवढे दिवस, आणि 0 दाबलं तर दहा.

पाचव्या कॅलेंडरला टिक केली की आणखी एक गंमत होते. सगळा पडदा आडवा होतो: नावं डावीकडे एकाखाली एक, वेळ डावीकडून उजवीकडे. पहिल्यांदा हे पाहून लोक घाबरतात, काहीजण आउटलुक बंद करून पुन्हा उघडतात. हे 'शेड्यूल व्ह्यू' आहे आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. फाइल, ऑप्शन्स, कॅलेंडर या वाटेने गेलात की 'डिस्प्ले ऑप्शन्स'मध्ये हा पाचाचा आकडा सापडेल. तो वाढवा किंवा टिकच काढून टाका. त्याच्याच खाली दुसरा आकडा असतो, तो मूळचा 1. त्यामुळे कॅलेंडरं कमी करत आणली तरी एकच उरेपर्यंत पडदा आपोआप उभा होत नाही. अर्ध्या ऑफिसची "माझं कॅलेंडर बिघडलंय" ही तक्रार या एका आकड्यापायी असते.

शेड्यूल व्ह्यू वाईट नाही. सहा जणांची सामाईक रिकामी वेळ शोधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कंट्रोल-ऑल्ट-5 ने ते केव्हाही आणता येतं.

आता ओव्हरले. शेजारी उभी असलेली कॅलेंडरं एकावर एक ठेवून एकच जाळी करायची. कॅलेंडरच्या वरच्या टॅबवर नावाशेजारी छोटा बाण असतो, तो दाबा. किंवा यादीतल्या नावावर राइट क्लिक करून 'ओव्हरले' निवडा. कॅलेंडर सरकून पहिल्यावर बसतं. बाण पुन्हा दाबला की वेगळं होतं. इथवर कुणीही पोहोचतं, आणि इथेच "झालं" म्हणून सगळे मार्गदर्शक हात झटकतात.

आपल्याला सवय भिंतीवरच्या कॅलेंडरची. त्याच्या एका चौकोनात दुधाचे खाडे, गॅसची तारीख, भाच्याचं बारसं असं सगळं लिहितो आणि ते सगळं एकाच कागदावर राहतं. ओव्हरलेही तसाच एक कागद वाटतो. पण तो एक कागद नसतो. काचेवर काच ठेवल्यासारखी ती चार वेगळी कॅलेंडरं असतात आणि तुम्ही लिहाल ते फक्त सर्वात वरच्या काचेवर उमटतं. वरची काच कोणती, ते सांगायला आउटलुककडे दोनच खुणा आहेत: वरच्या ओळीतला पुढे आलेला टॅब, आणि त्या कॅलेंडरच्या नोंदींची गडद अक्षरं. बाकीच्यांच्या नोंदी फिकट दिसतात. घाईत असताना या दोन्हींकडे कुणाचंही लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं.

त्या दिवशी मी हॉलचं बुकिंग नीट वाचता यावं म्हणून हॉलचा टॅब दाबून तो पुढे आणला. वाचलं. तेवढ्यात फोन आला, पुढच्या गुरुवारी तीन तासांचं सत्र मीच घ्यायचं ठरलं, आणि बोलता बोलता मी रिकाम्या जागेवर डबल क्लिक करून नोंद टाकली. माझ्या पडद्यावर गुरुवारची सकाळ भरलेली दिसत होती. मी निर्धास्त. नोंद मात्र हॉलच्या कॅलेंडरमध्ये गेली होती.

इथे दुसरी, जास्त वाईट गोष्ट कळली. सहकारी जेव्हा मीटिंग ठरवताना 'शेड्यूलिंग असिस्टंट'मध्ये तुमची मोकळी वेळ पाहतात, तेव्हा त्यांना दिसतं ते फक्त तुमचं मुख्य कॅलेंडर. तुम्ही बाजूला काढलेली दुसरी-तिसरी कॅलेंडरं त्या हिशेबात धरलीच जात नाहीत. म्हणजे ओव्हरलेमध्ये मी पूर्ण व्यग्र आणि जगाच्या दृष्टीने पूर्ण रिकामी. दोघांनी त्याच सकाळी मीटिंगा लावल्या, मी आपली सवयीने 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं, कारण आदल्या दिवशी कोण इतकं तपासतं. गुरुवारी समोर वर्ग बसलेला आणि खिशात फोन थरथरतोय. शिवाय हॉलच्या कॅलेंडरमधल्या त्या नोंदीची आठवण माझ्या मशीनवर वाजलीही नव्हती: क्लासिक आउटलुकमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या सामायिक कॅलेंडरमधल्या नोंदीचे रिमाइंडर तुमच्याकडे येत नाहीत.

तेव्हापासून माझे नियम कडक आहेत. ओव्हरलेमध्ये असताना नवीन नोंद फक्त माझ्या कॅलेंडरमध्ये. दुसऱ्या कशासाठी टॅब पुढे आणला तर काम होताच पुन्हा माझ्या टॅबवर एक क्लिक, मग फोन वाजत असो की दार. हॉलच्या किंवा सत्रांच्या कॅलेंडरमध्ये लिहायचं असेल तर आधी ओव्हरले मोडायचा, कॅलेंडरं शेजारी उभी करायची आणि त्या रकान्यात लिहायचं. दहा सेकंद जातात, जाऊ देत. आणि जिथे मी स्वतः हजर राहणार आहे अशा प्रत्येक गोष्टीची नोंद माझ्या मुख्य कॅलेंडरमध्ये 'बिझी' म्हणून असतेच, सत्रांच्या कॅलेंडरमध्ये ती असली तरीही. दोनदा लिहिणं अडाणीपणाचं वाटतं, पण तिसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.

नोंद कुठे गेली याची शंका आली तर रंगावरून अंदाज बांधत बसू नका. इतर सगळ्या कॅलेंडरांची टिक काढा. नोंद राहिली तर ती इथली, गेली तर गेली. चुकीच्या जागी पडलेली नोंद हलवायला ओव्हरले मोडून ती एका रकान्यातून दुसऱ्यात ओढा आणि जुन्या जागी तिची प्रत उरली आहे का तेही पाहा. उरली असेल तर हाताने पुसा.

रंगावरून अंदाज का नाही, तेही सांगते. प्रत्येक कॅलेंडरला स्वतःचा रंग देता येतो आणि तो जरूर द्यावा. पण एखाद्या नोंदीला तुम्ही 'कॅटेगरी', म्हणजे रंगीत लेबल, लावलीत की कॅटेगरीचा रंग कॅलेंडरच्या रंगावर मात करतो. हिरव्या कॅलेंडरमधली नोंद लाल दिसायला लागते आणि लाल कॅलेंडर तर भलतंच कुणाचं असतं. कॅटेगरीप्रेमी मंडळी रागावतील, पण माझं मत स्पष्ट आहे: ओव्हरले वापरायचा असेल तर कॅटेगऱ्या सोडा. दोन्ही हवंच असेल तर निदान दोघांचे रंग एकमेकांत मिसळू देऊ नका.

रोज तीच चार कॅलेंडरं लागत असतील तर त्यांचा 'कॅलेंडर ग्रुप' करून ठेवा. एका टिकेत सगळी उघडतात. जर्मनीतल्या लोकांशी काम असेल तर ऑप्शन्समध्ये 'शो अ सेकंड टाइम झोन' चालू करा, कारण उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक डोक्यात धरणं मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर हमखास चुकतं. आणि 'अ‍ॅड हॉलिडेज'चं बटण दाबू नका. त्या सुट्ट्या थेट तुमच्या मुख्य कॅलेंडरमध्ये ओतल्या जातात आणि मग वेचून काढत बसावं लागतं. ऑफिसच्या सुट्ट्यांचं वेगळं रिकामं कॅलेंडर करा, पाडव्यापासून नाताळापर्यंतच्या तारखा एकदा बसून भरा आणि हवं तेव्हा टिक करा.

नव्या आउटलुकमध्ये मामला उलटा आहे. तिथे कॅलेंडरं मुळातच एकत्र मिसळून दिसतात. वेगळी करायला 'स्प्लिट व्ह्यू' लागतो. नवीन नोंदीच्या खिडकीत ती कोणत्या कॅलेंडरमध्ये जाणार त्याचं नाव लिहिलेलं असतं आणि तिथेच बदलताही येतं. माझ्या मते नव्या आवृत्तीतली ही सर्वात चांगली सुधारणा. फक्त ते नाव वाचायचं मात्र आपल्यालाच असतं.

राहिलं घरचं, म्हणजे बहुतेकांचं गूगलवरचं कॅलेंडर. त्याची आयसीएस फाइल, म्हणजे सगळ्या नोंदींची एक फाइल, उतरवून आउटलुकमध्ये आयात करा असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. आयात म्हणजे त्या क्षणाचा फोटो. मुलाच्या शाळेची पालकसभा उद्या पुढे ढकलली तर आउटलुकला पत्ता लागणार नाही. त्याऐवजी संगणकावर गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये जा, आपलं कॅलेंडर निवडा आणि 'इंटिग्रेट कॅलेंडर'खालचा 'सीक्रेट अ‍ॅड्रेस इन आयकॅल फॉरमॅट' कॉपी करा. त्याच्या जवळच 'पब्लिक अ‍ॅड्रेस' असतो. कॅलेंडर सार्वजनिक केलेलं नसेल तर तो चालत नाही, आणि लोक नेमका तोच उचलतात. आउटलुकमध्ये 'फ्रॉम इंटरनेट' निवडून सीक्रेट पत्ता चिकटवा. हे कॅलेंडर फक्त वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही, म्हणजे ओव्हरलेमध्ये ते वर राहिलं तरी चुकीची नोंद त्यात जाण्याचा प्रश्नच नाही. बदल लगेच दिसत नाहीत, थोडा धीर धरावा लागतो. हा पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला तुमच्या घरचं सगळं वेळापत्रक पासवर्डशिवाय दिसतं, तेव्हा तो ऑफिसच्या ग्रुपवर 'हे बघ असं करायचं' म्हणून टाकू नका. टाकलाच असेल तर गूगलमध्ये त्याच जागी 'रीसेट' आहे. ते दाबा, जुना पत्ता मरेल, आणि नवा पत्ता घेऊन आउटलुकमध्ये पुन्हा जोडा.