इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा

डॅक (सी-डॅकचा कॉम्प्युटर कोर्स), एमसीए नाहीतर इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आलेल्या बहुतेक मुलामुलींकडे एकच लॅपटॉप असतो, तोही घरच्यांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला. लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, शिकण्यासाठी तो पणाला लावायची काहीच गरज नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू केलेलं लिनक्स रॅममध्ये चालतं. तुम्ही स्वतः इन्स्टॉल निवडत नाही किंवा हार्ड डिस्क उघडून तिथे काही लिहीत नाही, तोवर तुमचं विंडोज जागच्या जागी राहतं.

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. तापकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सहज मिळेल. उबंटू आणि मिंट हे लिनक्सचेच प्रकार. उबंटू २४.०४ ची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम भरलेली एकच फाइल) ६ जीबीच्या आसपास आहे, लिनक्स मिंटची त्याच्या निम्मी. कॉट बेसिसवरच्या वायफायवर रात्र घालवण्यापेक्षा कॉलेजच्या लॅबमधून उतरवून घ्या. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही. रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने ती ड्राइव्हवर लिहावी लागते, आणि त्यात ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

विंडोजचं बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी वहीत उतरवून ठेवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूटला, म्हणजे फक्त ओळखीची सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीला, हात लावला की विंडोज पुढच्या वेळी तीच मागू शकतं. खरं तर उबंटूसाठी सिक्युअर बूट बंद करावंच लागत नाही, त्यामुळे कुणी सांगितलं तरी उगाच करू नका. मग लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची) की दाबा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. यादीत तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला, तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो निवडा.

डेस्कटॉप दिसला की बरेच जण वॉलपेपर बदलत बसतात. माझ्या मते हा वेळ लॅपटॉप तपासण्याचा आहे. वायफायची नेटवर्कं दिसतात का? ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वायफाय कार्डांचा ड्रायव्हर सोबत येत नाही. तेव्हा अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळतं आणि ड्रायव्हर उतरवता येतो. मग गाणं लावा, हेडफोन खुपसा, कॅमेरा उघडा, ब्राइटनेसच्या कळा दाबा. झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा. स्क्रीन काळीच राहिली तर हे आत्ताच कळलेलं बरं, परीक्षेच्या आदल्या रात्री नको. जुना लॅपटॉप विकत घेतानाही हाच ड्राइव्ह सोबत न्या आणि पैसे देण्याआधी दुकानातच लावून बघा.

विंडोजची डी ड्राइव्ह उघडते, पण फाइल सेव्ह होत नाही, असं झालं तर घाबरू नका. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की ते पूर्ण बंद झालेलंच नसतं, म्हणून लिनक्स ती ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडतं. जबरदस्तीने लिहायला जाऊ नका. परत विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढा.

वेगावरून मात्र मत बनवू नका. पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो. तेच इन्स्टॉल केल्यावर एसएसडीवरून पटकन उघडतात. आणि इथे लिहिलेला कोड मशीन बंद करताच जातो, म्हणून सराव करायचा असेल तर रुफसमध्ये पर्सिस्टंट (मशीन बंद केल्यावरही टिकणारी) जागा राखून ठेवा. त्यासाठी १६ किंवा ३२ जीबीचा ड्राइव्ह घ्यावा लागेल.