पावसाळाभर उभी बुलेट, तेल गेलं कुठे?

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला ड्राय सम्प, म्हणजे तेल वेगळ्या कप्प्यात राहतं आणि गाडी जून ते सप्टेंबर बिल्डिंगखाली उभी राहिली की तेच तेल झिजलेल्या ऑइल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात उतरतं. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी, कोरडी दिसते. म्हणून लगेच वरून तेल ओतू नका हां! थोडंच उतरलं असेल तर स्टार्ट करून आयडलवर ठेवा, रिटर्न पंप ते परत ओढतो, मग बंद करून लगेच लेव्हल बघा. निळा धूर येणारच, सोसायटीवाले ओरडतील, ओरडू देत. खूपच उतरलं असेल, किक जड लागत असेल तर आधी क्रँककेसचा ड्रेन प्लग खोलून तेल ट्रेमध्ये काढा. दरवेळी होतंय? मग पंपच चेक करायला लावा.