एमसीएला शून्यापासून कोडिंग: आयर्विन पुलाची पाणीपातळी घेऊन पहिले आठ आठवडे

बीकॉम, बीए किंवा रसायनशास्त्रात बीएस्सी करून एमसीएला येणारे आता पुष्कळ आहेत. २०२०-२१पासून हा अभ्यासक्रम तीनऐवजी दोन वर्षांचा झाला, त्यामुळे सावकाश रुळायला वेळ उरलेला नाही. ब्रिज कोर्स (संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्यांसाठीचा पूरक अभ्यासक्रम) केला तरी हात बसलेला नसतो. बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं: फळ्यावरचा कोड समजतो, जर्नलमध्ये उतरवता येतो, पण कोरी फाईल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. म्हणून सराव कोऱ्या फाईलचाच करायचा, आणि तोही अशा विषयावर की ज्याचं खरं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. मग चुकलेलं उत्तर लगेच खटकतं.

सांगली-मिरजेकडे असा विषय पावसाळ्यात रोज कानावर पडतो: आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. एवढ्यावर आठ आठवडे निघतात. रोज दोन तास पुरेत, पण रोज हवेत. रविवारी एकदम दहा तास बसून काही साधत नाही.

आधी पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम बघून घ्या. डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवण्याच्या रचनांचा विषय) ‘सी’ भाषेत असेल तरी सुरुवात पायथॉननं करा आणि शेवटी तेच प्रोग्राम सीमध्ये पुन्हा लिहा. दोन्ही भाषा एकाच आठवड्यात सुरू केल्या तर सेमीकोलन कुठे आणि इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) कुठे यातच डोकं अडकतं. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा असला तरी चालतो. विंडोजवर पायथॉन बसवताना पहिल्याच पडद्यावर खाली ‘पाथ’मध्ये जोडण्याचा चौकोन असतो, त्यावर टिक करा. ती राहिली की कमांड प्रॉम्प्ट पायथॉनला ओळखत नाही, किंवा भलतंच मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. लिहायला पायथॉनसोबत येणारं आयडल पुरेसं आहे. नोटपॅड वापरलंत तर फाईलच्या नावाला शेवटी ‘टीएक्सटी’ चिकटलं नाही ना ते तपासा. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, म्हणून ते दिसत नाही. फाईलला ‘रँडम’ असं नाव देऊ नका, ते पायथॉनच्या तयार मॉड्यूलचं आहे. ‘इम्पोर्ट रँडम’ लिहिल्यावर पायथॉन तुमचीच फाईल उचलतो.

पहिला प्रोग्राम: पातळी विचारा, आणि ती सुरक्षित, इशारा की धोका ते छापा. चारपाच ओळींचाच आहे, पण यात चांगल्या तीन चुका होतात. पहिली: इनपुटनं आलेली किंमत मजकूर असते, आकडा नसतो. ती ४५शी ताडून पाहिली की ‘टाइपएरर’ येतो, म्हणून आधी इंटमध्ये (पूर्णांकात) बदला. दुसरी चूक अटींच्या क्रमाची. आधी ‘४० किंवा जास्त’ तपासलंत तर ५० फुटांनाही ‘इशारा’ छापून येतं, कारण पहिली अट खरी ठरली की खालच्या एलिफकडे, म्हणजे पुढच्या अटीकडे, कुणी बघत नाही. मोठी अट वर ठेवा. तिसरी: ‘पेक्षा जास्त’ आणि ‘जास्त किंवा समान’ यांतला फरक. नेमके ४५ टाकून बघा. इथे एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं, आणि अशी चूक सापडायला सगळ्यांत अवघड. प्रोग्राम चालवण्याआधी काय छापून येईल ते वहीत लिहायची सवय इथूनच लावा.

आकडे टाइप करताना आणखी एक: कोडमध्ये देवनागरी ४५ लिहिलं तर ‘सिंटॅक्सएरर’ येतो, पण चालू प्रोग्रामला कीबोर्डवरून देवनागरी ४५ दिलं तर इंट ते बिनतक्रार ओळखतं.

आता खरा प्रश्न. पातळी सांगतात फूट आणि इंचात. ४० फूट ६ इंच हे बरेच जण ४०.६ असं भरतात. खरं ते ४०.५ आहे, कारण फुटात इंच बारा. ४० फूट १० इंच तर ४०.१० होऊन बसतं, म्हणजे संगणकाच्या लेखी ४०.१, आणि ते ४०.९पेक्षा कमी ठरतं. पाणी चढलेलं असतं आणि प्रोग्राम ते उतरल्याचं सांगतो. उपाय साधा आहे: फूट आणि इंच वेगळे विचारा, फुटांना १२ने गुणून इंच मिळवा आणि पुढचं सगळं इंचात करा. इशारा ४८० इंच, धोका ५४० इंच. दशांश उरतच नाहीत, हा मोठा फायदा, कारण पायथॉनमध्ये ०.१ अधिक ०.२ अगदी ०.३ येत नाही. माहिती कोणत्या रूपात साठवायची हे ठरवणं हाच पुढच्या डेटा स्ट्रक्चरचा गाभा आहे, म्हणून या प्रश्नावर पूर्ण आठवडा घालवलात तरी तो वाया जात नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करवून घेणं. जुलैच्या ३१ दिवसांच्या नोंदी घ्या. रेंज १ ते ३१ लिहिलंत तर लूप ३०लाच थांबतो. शेवटचा आकडा धरला जात नाही. सर्वांत कमी पातळी शोधताना सुरुवात शून्यानं केली तर उत्तर कायम शून्यच येतं. सुरुवात पहिल्या नोंदीनं करा. ड्राय रन, म्हणजे प्रोग्राम हातानं चालवून बघणं, कागदावर करा: प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) एक रकाना, लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. तासगाव-विट्याहून एसटीनं येणाऱ्यांना हे प्रवासातही जमतं, लॅपटॉप लागत नाही. परीक्षेत कोड कागदावरच लिहायचा असतो, त्यामुळे ही मेहनत दुहेरी कामाला येते.

पाचव्या आठवड्यात तोच निर्णय फंक्शनमध्ये (नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या कोडच्या तुकड्यात) टाका. ते उत्तर छापणार नाही, रिटर्न करेल, म्हणजे परत देईल. हा फरक चुकला की ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) छापून येतं. मग काठावरच्या किमती देऊन तपासा: ३९ फूट ११ इंच, ४० फूट, ४४ फूट ११ इंच, ४५ फूट. लिस्ट (किमतींची यादी) आणि डिक्शनरी (नावानुसार किंमत शोधून देणारी यादी) सहाव्यात.

सातव्यात फाईल. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) साठवली की पहिल्या रकान्याच्या नावाआधी एक अदृश्य खूण बसते, आणि ‘तारीख’ समोर दिसत असूनही ‘कीएरर’ येतो. फाईल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. रिकाम्या नोंदीवर ‘व्हॅल्यूएरर’ येईल. तिथे शून्य भरू नका, सरासरी खाली येते. ती नोंद वगळा आणि किती वगळल्या ते छापा.

एरर इंग्रजीत असतो म्हणून मराठी माध्यमातली मुलं तो न वाचताच खिडकी बंद करतात. शेवटची ओळ आधी वाचा, चूक कोणत्या प्रकारची आहे ते तिथे असतं. तिच्या वर ओळीचा क्रमांक. त्या ओळीत काही सापडलं नाही तर वरची ओळ बघा, न मिटलेला कंस बहुधा तिथेच असतो. एआयला एररचा अर्थ जरूर विचारा. कोड मात्र लिहून घेऊ नका. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, एक ओळ बदलायला सांगतात तेव्हा तो आयता कोड उपयोगी पडत नाही.

आठव्या आठवड्यात सगळं सीमध्ये पुन्हा लिहा. ३१ नोंदींच्या ॲरेचे (सीमधल्या ओळीनं मांडलेल्या किमतींचे) क्रमांक ० ते ३०. ३१वर लिहिलंत तर पायथॉनसारखा एरर येईलच असं नाही, शेजारचीच किंमत गुपचूप बिघडू शकते. आणि इंचांचे फूट करताना ६ भागिले १२ हे सीमध्ये शून्य येतं, कारण दोन्ही पूर्णांक आहेत. ४० फूट ६ इंच मग नुसते ४० फूट उरतात. १२ऐवजी १२.० लिहा.