प्रायव्हेट इंजिनिअरिंगला दहा लाख घालायचे का? ॲडमिशनआधी हे बघून घ्या

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच विचारणा, "कॉलेज चांगलंय का हो?", आणि सांगायला शेजारच्या काकांपासून कोचिंगवाल्यापर्यंत सगळे तयार असतात. मी विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की कॉलेज राहू द्या, आपल्याला मिळणाऱ्या ब्रँचमधला मधला पोरगा बघा, म्हणजे टॉपर पण नाही आणि बॅकलॉगवाला पण नाही असा, तो चार वर्षांनी काय कमावतो आणि तोपर्यंत घरातून किती गेलेले असतात. बाकी एसी लॅब, स्विमिंग पूल, गेटवरचा फ्लेक्स हे सगळं आपल्याच फीतून होतं.

कागदावर यातलं एकही कॉलेज नफ्यासाठी नसतं बरं का. १९८३ मध्ये वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली तेव्हापासून सगळे ट्रस्ट आणि शिक्षण मंडळंच आहेत. पण गिऱ्हाईक म्हणून आपण नफ्यावाल्या दुकानात चाललोय असं समजूनच जायचं.

आधी खरा खर्च काढा. महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजप्रमाणे मंजूर फी दिसते, ती बघा आणि कॉलेजने सांगितलेल्या आकड्याशी जुळवा. जास्तीचे पैसे कशाचे ते लेखी मागा, कारण ट्रेनिंग फी, युनिफॉर्म, बस, डिपॉझिट अशा नावांनी बरंच काही चिकटवलेलं असतं. प्रायव्हेट युनिव्हर्सिटी असेल तर फीचा हिशोब वेगळा, तिथे चारही वर्षांची फी आणि दरवर्षीची वाढ आधीच विचारून ठेवा.

समजा फी १ लाख ४० हजार आणि हॉस्टेल-मेस ९० हजार. चार वर्षांचे ९ लाख २० हजार झाले, लॅपटॉप आणि येणंजाणं धरलं की दहा लाख. यातले ६ लाख लोन काढलं, दरवर्षी दीड लाख, १० टक्के व्याजाने. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो म्हणून लोक निवांत असतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, आणि ते मध्ये भरलं नाही तर पाच वर्षांत साधारण २ लाख १० हजार वाढलेले असतात. मग ८ लाख १० हजारांवर सात वर्षांचा हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास बसतो. आता मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशरचं वर्षाचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आजूबाजूलाच अडकलंय, म्हणजे हातात पंचवीस हजार धरा. पुण्यात पीजी आणि डबा काढला की हप्ता भरून पोराकडे काय उरणार ते तुम्हीच मांडा.

पण स्कॉलरशिपने हे गणित पार बदलतं. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत ट्युशन फी निम्मी होते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एससी-एसटीच्या योजना वेगळ्या आहेत, त्या महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलवर बघा. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्युशन फी माफी योजनेच्या ५ टक्के सीट असतात, ट्युशन फी माफ, फक्त कटऑफ चांगलाच वर जातो. यात खाच अशी की शाहू महाराज योजना आणि मुलींची माफी कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांनाच आहे, मॅनेजमेंट कोट्यातून गेलात किंवा प्रायव्हेट, अभिमत युनिव्हर्सिटीत गेलात तर विसरा. "डायरेक्ट घ्या ना, झंझट नाही" असं एजंट म्हणतो तेव्हा ती झंझट लाखांची असते.

आता प्लेसमेंट. फ्लेक्सवर ४४ लाखांवाला एक फोटो असतो, त्याच्याकडे बघायचंच नाही. कॉलेज एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये भाग घेत असेल तर त्याच्या साइटवर त्याची पीडीएफ सापडते (कुठेतरी तळाशी लपवलेली असते, शोधा), त्यात किती जणांनी ॲडमिशन घेतली, किती जण वेळेत पास झाले, किती प्लेस झाले, किती पुढे शिकायला गेले आणि मीडियन सॅलरी किती हे सगळं असतं. मीडियन म्हणजेच आपला तो मधला पोरगा. आणि ३०० पोरं आत आली आणि वेळेत १८० बाहेर पडली असं दिसलं तर "९० टक्के प्लेसमेंट" हे १८० चे की ३०० चे ते विचारा. पीडीएफमधला आकडा सगळ्या ब्रँचचा मिळून असतो, त्यामुळे सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी टीपीओकडून, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरकडून, ब्रँचप्रमाणे यादी मागायची, कंपनीच्या नावासकट. एकाच पोराच्या तीन ऑफर तीनदा मोजणं, कॉल सेंटरची नोकरी धरणं, ऑफर लेटर आलं पण जॉइनिंग आलंच नाही, हे सगळं त्या टक्क्यात बसतं.

माझा ठोकताळा असा की स्कॉलरशिप वजा जाता चार वर्षांचा एकूण खर्च त्या मीडियन वार्षिक पगाराच्या दुपटीपर्यंत असेल तोवर ठीक, त्यापुढे गेला तर थांबून विचार करायचा, तिपटीला तर कर्ज काढून मुळीच नको.

शिक्के पण बघा, पण समजून. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिची मान्यता ही फक्त दार उघडायची परवानगी आहे. नॅक आणि एनबीए हे दर्जा तपासून मिळणारे शिक्के, नॅक अख्ख्या कॉलेजला मिळतं, एनबीए ब्रँचला, म्हणून आपल्या ब्रँचला एनबीए आहे का आणि मुदत संपली नाही ना एवढं तपासा. नॅकच्या ग्रेडवर मी फार जात नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगल्या ग्रेडसाठी लाच दिल्याच्या केसमध्ये सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्याच लोकांना अटक केली होती.

नव्या नावाच्या ब्रँचपासून जरा सावध. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांवरची सीटची मर्यादा काढली, त्यामुळे कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या सीट भराभर वाढल्या, आणि शिकवायला मात्र कुठे कुठे कालपर्यंत दुसरंच काही शिकवणारे सर. त्या ब्रँचची एक तरी बॅच बाहेर पडलीय का ते विचारा.

एवढं झालं की प्रत्यक्ष जा, पण काउन्सेलिंगच्या सोफ्यावर बसू नका. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर थर्ड इयर, फायनल इयरची पोरं भेटतात. त्यांना विचारा लेक्चर होतात का, प्रॅक्टिकल खरंच होतं की जर्नल कॉपी करून सबमिशन, आणि सर लोकांचे पगार वेळेवर होतात का. ज्या कॉलेजात सहा सहा महिने पगार थकतो तिथले चांगले शिक्षक टिकत नाहीत, मग वेबसाइटवर नावं कितीही असोत.

गणित नाहीच बसलं तर सरकारी कॉलेजात थोडी नावडती ब्रँच बघा, कराड, अमरावती, जळगाव, चंद्रपूर इथे सरकारी कॉलेजं आहेत, कटऑफ तपासा. दहावीवाल्यांना सरकारी पॉलिटेक्निक करून डायरेक्ट सेकंड इयरचा रस्ता आहे, एका वर्षाची डिग्रीची फी वाचते आणि हातात डिप्लोमा असतो. जे कॉलेज नकोच आहे ते कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये भरू नका, पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे पुढच्या राउंडला बदलता येत नाही.

देणगी कोणी मागितली तर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, बिनपावतीचा एक रुपया देऊ नका. मूळ मार्कशीट आणि एलसी कॉलेजला अडकवून ठेवता येत नाही, आणि ठरलेल्या तारखेच्या आत ॲडमिशन कॅन्सल केली तर हजार रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते, ती तारीख सीईटी सेलच्या वेळापत्रकात असते, कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.