मॉडिफाय केलेली जुनी बुलेट विकताय? या चुका टाळा

कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर. त्यावर पुढे डिस्क ब्रेक, ६ व्होल्टची वायरिंग १२ व्होल्टची, पॉइंट (ठिणगी पाडणारा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. गाडी दिसते झकास, तरी गिऱ्हाईक येतं, बघतं आणि परत फोन करत नाही. चुका ठरलेल्या आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक बफिंगवाल्याकडे होते. क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) आरशासारखं करायच्या नादात इंजिन नंबरचे आकडे घासले जातात. चेसिसवर पावडर कोटिंगचे दोन थर चढले की तिथला नंबरही बुजतो. घरी कुणाला पत्ता लागत नाही. सौदा ठरतो, टोकन हातात येतं, आणि नावावर करताना पेन्सिल ट्रेस (नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेला ठसा) घ्यायला बसलं की कागदावर नुसता करडा पट्टा उठतो. समोरच्याला वाटतं, गाडी चोरीची. टोकन परत. मग कुणीतरी शहाणा सुचवतो, ‘पुन्हा पंच करून घे.’ आरटीओच्या परवानगीशिवाय तो सरळ गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. कोटिंगखाली नंबर शाबूत असेल तर तेवढ्याच जागेवर पेंट रिमूव्हर लावा (थिनरने पावडर कोटिंग निघत नाही), मऊ पितळी ब्रशने साफ करा, वर ऑइलचा हात फिरवा. ग्राइंडर, पॉलिश पेपर लांब ठेवा. रंगाला देण्याआधीच उष्णता सोसणारी टेप लावली असती तर हे काहीच करावं लागलं नसतं. पण थांबायला वेळ कुणाला असतो!

जाहिरातीत ‘व्हिंटेज’ लिहू नका. २०२१च्या केंद्रीय नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. डिस्क लावलेली १९८४ची बुलेट त्यात बसत नाही.

पावत्यांची बेरीज करून किंमत काढू नका. डिस्कच्या किटचे पैसे क्वचितच परत येतात. काढलेला ड्रम ब्रेक, पॉइंट प्लेट आणि ओरिजिनल सायलेन्सर गोणीत भरून सोबत दिलात, तर भाव वाढतो. भंगारात घातला असेल तर बोलणंच खुंटलं.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवणं हा दुसरा लाडका मूर्खपणा. जाणकार माणूस आल्या आल्या फिन्सवर (इंजिनच्या बाहेरच्या पात्यांवर) तळहात ठेवतो. कोमट लागल्या की त्याला वाटतं, थंड गाडी सुरू होत नाही हे लपवलंय, आणि किंमत तिथेच पडली. गाडी थंडच दाखवा, पण तोवर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवत राहा. महिनाभर उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं, पहिल्या किकला गल्लीभर निळा धूर होतो आणि समोरचा म्हणतो, ‘पिस्टनच्या रिंगा गेल्यात.’ ऑइलची पातळीही म्हणूनच इंजिन चालवून बंद केल्यावर दाखवायची.

किक मारायला देण्याआधी इग्निशन बदललंय हे सांगा. पॉइंटवर हात बसलेला माणूस अँमीटरची (करंट दाखवणाऱ्या काट्याची) सुई मधोमध यायची वाट बघतो. इलेक्ट्रॉनिकवर सुई तशी हलत नाही. तो गोंधळून अर्धवट किक मारतो आणि बुलेट त्याच्या घोट्याला उलटा हिसका देते. त्याला सांगा: किक कम्प्रेशनला अडली की डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून थोडी पुढे सरकवा, डीकॉम्प सोडा, किक वर येऊ द्या, मग एका दमात खालपर्यंत.

मल्टिमीटर जवळ ठेवा. बंद गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, हेडलाइट लावून रेस दिल्यावर १३.५ ते १४.४. १५च्या वर गेलं तर आधी रेग्युलेटर बदला. ६ व्होल्टचा हॉर्न १२वरही वाजतो, थोडे दिवस.

कागदांचं थोडक्यात. १५ वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत संपली असेल तर जाहिरात नंतर टाका. आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३०वर नुसत्या सह्या ठोकून चावी देऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री १४ दिवसांत कळवायची असते. आरटीओत नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच, अपघाताच्या भरपाईसकट. सह्या झालेल्या फॉर्मचे आणि नव्या मालकाच्या ओळखपत्राचे फोटो चावी देण्याआधी काढून ठेवा.