दर रविवारी कात्री घेऊन उभं राहणं कसं थांबलं

पुण्यात घरासमोर वीसेक फूट पट्टा आहे, तिथे नर्सरीवाल्याच्या नादाने दुरांटाचं कुंपण आणि मधे गुलाब, जास्वंद लावले होते. दुरांटा पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कापा, गुलाबावर मावा, जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण, निंबोळी तेल मारून मारून वैताग आला आणि गावाला आठ दिवस गेलो की अर्धं वाळलेलं.

शेवटी दोन वर्षांपूर्वी जूनमधे सगळं उपटलं. आता मागे कुंती आहे, पाऊस पडून गेला की चारेक दिवसांत पांढरी फुलं येतात आणि वास थेट हॉलपर्यंत, छाटणी वर्षातून एकदाच. पुढे तगर, ती तर जवळपास बारा महिने फुलते. कडेला कोरांटी, हिला कुणी भाव देत नाही पण थंडीत बाकी सगळं सुस्त असताना हीच फुलते. भिंतीच्या उन्हात बोगनवेल, तिला पाणी जास्त घातलं तर नुसती पानं येतात, हे मला उशिरा कळलं.

एक्झोरा मात्र फसला, आमचं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आणि एक्झोराला आम्लधर्मी माती लागते, पानं पिवळी पडली. कण्हेर मुद्दाम टाळली, सगळं झाड विषारी आणि घरात तीन वर्षांची नात.

लावताना दोन झाडांत तीन फूट अंतर सोडलं (बायको म्हणाली टक्कल दिसतंय), बुडाशी वाळक्या पानांचा थर. पहिलं वर्ष नीट पाणी दिलं, आता उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, बस.